निळ्या पाण्यात अनवाणी

११ जानेवारी

ताई,

तिने काठावर चपला काढल्या, कुठल्याशा नवरीच्या झग्याचा मागचा घोळ दोन्ही हातांनी उचलला आणि अनवाणी त्या निळ्या पाण्यात उतरली, तेव्हा माझं सगळं बदललं. कॉलेज सोडलं त्या दिवशी काही बदललं नव्हतं. बाबांनी अबोला धरला तेव्हाही नाही. हा क्षण मात्र मी बोट ठेवून दाखवू शकतो.

फोनवर सांगणार होतो, पण तू पहिल्याच वाक्यात परीक्षेच्या फॉर्मवर गेलीस आणि मी फोन आपटला. तुझ्याशी पत्रातच बोललेलं बरं, मधे तोंड घालता येत नाही तुला.

मी फोटो स्टुडिओत लागलोय हे आईने तुझ्या आईला रडून सांगितलंच असेल. मावशीने तुला हसून सांगितलं असेल. माझं काम चंदेरी पडदा धरायचं. ऊन पकडायचं आणि नवरीच्या गालावर सोडायचं. झोपतो स्टुडिओच्या मागच्या खोलीत. तिथे एक खिडकी आहे असं मालक म्हणतात, पण तिच्यापुढे जुन्या देखाव्यांच्या गुंडाळ्या उभ्या आहेत. समुद्र, बाग, संगमरवरी जिना. खिडकी उघडायची तर आधी समुद्र हलवावा लागतो.

या गावाला एकच रस्ता आहे. तो वीज केंद्राच्या फाटकातून निघतो आणि फिरून तिथेच येतो. केंद्राच्या मागे ते तळं. इतकं निळं, की मालक फोटोत रंग थोडा उतरवतात, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं खोटा आहे. लग्न ठरलेली जोडपी लांबून गाड्या करून येतात. त्यांना ती मुलगी लग्नाचे झगे भाड्याने देते. दोन पेट्या झगे आणि ती, एवढंच तिचं दुकान. नवरी पाण्यात उभी राहिली की ती मागून झग्याचा घोळ पंख्यासारखा पसरते आणि वाकून चौकटीबाहेर सरकते. फोटोत ती कधीच नसते. मी तिच्यासाठीच पडदा थोडा वाकडा धरतो. मालक ओरडतात, "कॉलेजकुमार, ऊन कुठे चाललंय?"

ती मला 'फ्लॅश' म्हणते. "एकदम पेटतोस आणि पुढच्याला काही दिसेनासं होतं," असं म्हणाली. मला ते कौतुकच वाटलं.

आता कामाचं. केंद्राचे दोन प्रचंड मनोरे आहेत, कमरेत बारीक, वर रुंद. गावात त्यांना 'जाडे' म्हणतात. दिवसभर पांढरा धूर ओकतात. परवा ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "हे दोघं एक दिवस आपल्याला गिळणार." मी त्याच संध्याकाळी सह्या गोळा करायला लागलो. जाडे बंद करा. एकाही घराने नाही म्हटलं नाही. लोकांना कशाची भीती वाटते हे मोजण्याचा पगार घेतेस ना तू, मग एक कडक अर्ज लिहून दे. शास्त्रीय शब्द घाल, साहेब लोक दचकले पाहिजेत.

तुझा,
फ्लॅश (आता हेच नाव)

२० जानेवारी

प्रिय भडकू,

नवीन नाव चांगलं आहे, पण लहानपणी मी ठेवलेलं जास्त बसतं. तुझी आई रडली नाही. "निदान उन्हात उभा राहतो," एवढंच म्हणाली.

अर्ज लिहून देणार नाही. रागावायच्या आधी पुढचं वाच. त्या मनोऱ्यांतून निघतो तो धूर नव्हे, वाफ आहे. चहाच्या किटलीतून निघते तीच. केंद्राचा खरा धूर बाजूच्या बारीक, उंच चिमणीतून जातो आणि तो नुसत्या डोळ्यांना फारसा दिसत नाही. म्हणून तिच्याविरुद्ध कोणी सही करत नाही.

माझ्या कामात हे रोजचं आहे. माणूस धोका मोजत नाही, धोक्याचं तोंड बघतो. जे अवाढव्य आहे, आपल्याला न विचारता उभं केलंय, ज्याच्याकडे मान वर करून बघावं लागतं, त्याची धडकी भरते. जे छान दिसतं, जिथे आपण आपल्या पायांनी जातो, ज्यावर चार घरांची चूल पेटते, त्याची भीती वाटतच नाही. तिथे कोणी वाकडं बोललं तर उलट त्याचाच राग येतो.

म्हणून मला दुसरंच विचारायचंय. ते तळं निळं का आहे? त्याला पाणी कुठून येतं? एखादी नळी दिसते का? आणि तुमच्याकडे मध्यंतरी कोणी प्रश्नावली घेऊन आलं होतं का? सहज विचारते.

मुलीबद्दल तू दोन पानं लिहिलीस आणि तिला तू आवडतोस की नाही हे एका ओळीतही नाही. तेही सहजच विचारते.

ताई

२७ जानेवारी

ताई,

वाफ. ठीक आहे. सहाशे लोकांच्या सह्या घेऊन फिरतोय मी, आणि तू म्हणतेस किटली. तुला नेहमी मोठ्यांचीच बाजू दिसते. हेच मी परक्या माणसाकडून ऐकलं असतं तर त्याची कॉलर धरली असती.

तुझ्या सहज प्रश्नांची उत्तरं घे. नळी आहे. केंद्रातून येते, माणूस वाकून आत जाईल एवढी जाड. तिच्यातून करडा चिखल पडतो. कोळशाची राख पाण्यात कालवून सोडतात. राख तळाशी बसते, वर निळं पाणी राहतं. इथे सगळ्यांना माहीत आहे, त्यात चोरी कसली. पाणी हाताला बुळबुळीत लागतं, साबणासारखं. नवऱ्या म्हणतात पाय मऊ होतात. एकीने बाटली भरून नेली.

प्रश्नावली घेऊन दोन बायका आल्या होत्या, गळ्यात ओळखपत्रं. 'खालीलपैकी कशाची सर्वात जास्त भीती वाटते?' जाडे, विजेच्या तारा, कोळशाचे ट्रक, आवाज. सगळ्यांनी जाडे म्हटलं. मी दोनदा म्हटलं.

आणि तिला मी आवडतो. बहुतेक. पहिल्या दिवशी ती काळे गमबूट घालून आली होती. मालकांनी हसत हसत काढायला लावले. "अगं, तूच बूट घालून उतरलीस तर गिऱ्हाईक पाय घालेल का? तू अनवाणी गेलीस की ती मागोमाग जाते." बूट जिन्याखाली पडलेत. मी त्यांवरची धूळ पुसतो कधी कधी. याला तू काय म्हणशील ते लिहू नकोस.

फ्लॅश

५ फेब्रुवारी

भडकू,

या पत्रात चेष्टा नाही.

चुन्याची निवळी हातात घेतली आहेस कधी? बुळबुळीत लागते, कारण ती कातडीच विरघळवत असते. पाय मऊ होतात ते त्यामुळे. नवरी दहा मिनिटं उभी राहते, घरी जाते, विसरते. तुझी ती रोज उतरते. शिवाय राखेत आणखी काय काय असतं, ते रंगावरून, वासावरून कळत नाही. पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत भरून पाठव. तोवर एवढं कर: स्वच्छ पाण्याचे दोन कॅन काठावर ने, आणि ती बाहेर आली की लगेच पायांवर ओत. घोट्यांपर्यंत नाही, गुडघ्यांपर्यंत. आणि तिला पाण्यात पाठवू नका.

एक सांग. मालक स्वतः पाण्यात उतरतात का?

मी येऊ शकत नाही. विचारू नकोस का.

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की कागद फाटत होता.

मालक उतरत नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. कदाचित खरंच दुखत असतील.

तिचे पाय मी पाहिले. कॅन घेऊन गेलो, म्हणालो बस. ती हसली, "आज काय, पाद्यपूजा?" पण बसली. टाचांची सालं निघालेली, बोटांच्या बेचक्यांत लाल मांस दिसत होतं. पाणी ओतलं तर दातावर दात घट्ट धरून दुसरीकडे बघत राहिली. मला वाटायचं तिची चाल डौलदार आहे. ताई, ती टाचा टेकवत नाही एवढंच.

मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "राखेत पिढ्या वाढल्या इथे. भांडी राखेनेच घासत होतो आम्ही." केंद्राच्या फाटकावर गेलो. पहारेकरी म्हणाला, "जाड्यांचं ना? वर पोचलंय ते." चहाच्या दुकानात सांगितलं. एकजण म्हणाला, "तळं बंद कर, आणि जोडप्यांना उभं कुठे करणार, तुझ्या खोलीतल्या समुद्रापुढे?" सगळे हसले. जाड्यांच्या वेळी हेच लोक मला खांद्यावर घ्यायला निघाले होते.

मग मी पाटी रंगवली. पत्र्यावर कवटी, खाली दोन हाडं, 'हे पाणी विषारी आहे'. चांगली झाली होती. तीच चूक झाली. मी पाठीमागच्या उन्हाचा विचार करून ती काठावर रोवली, सवयीने. पहिलंच जोडपं आलं आणि नवरा मुलगा म्हणाला, "वा, इथे काढू." एकजण कवटीला टेकून, दुसरी पाण्यात. ते फोटो कुठे कुठे पोचले कोणास ठाऊक, पण पुढच्या आठवड्यात लोक पाटी विचारत आले. कवटीसकट फोटोला आता मालक जास्त घेतात. गाड्या वाढल्या, झगे वाढले, तिच्या पाण्यात उतरण्याच्या फेऱ्या वाढल्या. कोणाला भीती नाही. धीटपणा दाखवायला एक जागा मिळाली, तीही मीच करून दिली.

मी पाटी उपटायला गेलो तर मालकांनी हात धरला. "स्टुडिओची मालमत्ता आहे ती."

तिला म्हटलं, उद्यापासून उतरू नकोस. ती झग्याचा काठ पिळत होती. म्हणाली, "फ्लॅश, मला दोन बहिणी आणि दोन पेट्या आहेत. त्यांतलं काय पाण्यात टाकू?"

खोलीत झोप येत नाही. समुद्र हलवून खिडकी उघडली एकदाची. बाहेर जाडेच दिसतात.

नमुन्याची बाटली सोबत पाठवतोय. कागदात नीट गुंडाळली आहे. टपालवाला म्हणाला, "सेंट आहे का? रंग छान आहे."

तुझा

४ मार्च

भडकू,

बाटली मिळाली. तपासायला दिली. माझा अंदाज होता त्यापेक्षा वाईट निघेल असं प्रयोगशाळेतला माणूस नुसतं बोट बुडवून म्हणाला, आणि लगेच नळाखाली हात धरला. कागदावर यायला वेळ लागेल.

पाटीचं वाईट वाटून घेऊ नकोस. पाटी वाचून कोणी धोका ओळखत नाही. आधी बाजूचा माणूस काय करतोय ते बघतात. रिकाम्या दुकानात कोणी शिरत नाही, गर्दीच्या दुकानात घुसतात, तसंच. सगळे पाण्यात आहेत म्हणजे पाणी बरं आहे, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

आता घाईने काही करू नकोस. तू घाई केलीस की तुझ्यापेक्षा तुझ्या म्हणण्याचं जास्त नुकसान होतं. मी इथून प्रयत्न करते आहे. मलम पाठवतेय, तिला दे. तुझ्या हातानेच लावायला हवं असं काही नाही.

ताई

१९ मार्च

ताई,

केलं. तुझं पत्र येण्याआधीच ठरवलं होतं, नंतर बदललं नाही एवढंच.

तूच लिहिलं होतंस, लोक धोक्याचं तोंड बघतात. मग म्हटलं, तळ्याला तोंड देऊ या. लांबच्या बाजारातून दोन टोपल्या मासे आणले, शिळे, बर्फातून काढलेले. पहाटे काठाने पसरले, पोटं वर करून. सकाळी पहिल्या गाडीतून उतरलेली नवरी किंचाळली. दुपारपर्यंत काठावर माणूस नव्हता. जे मी महिनाभर खरं बोलून करू शकलो नाही, ते दोन टोपल्या खोट्याने अर्ध्या दिवसात झालं. त्या दिवशी ती पाण्यात उतरली नाही. मी जेवलो, झोपलो, खूप दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. जनसंपर्काचे साहेब आले, गोरेगोमटे, मऊ आवाजाचे. टेबलावर तबक, तबकात एक मासा. साहेब म्हणाले, "मंडळी, हा बांगडा आहे."

ताई, बांगडा समुद्रात असतो.

आधी एकजण हसला, मग दुसरा, मग अख्खं सभागृह. "फार लांब पोहत आला बिचारा," कोणीतरी म्हणालं. साहेबही हसले. मग म्हणाले, तळ्याची बदनामी करायचा हा खोडसाळ प्रयत्न आहे, यावरूनच कळतं की पाण्यात खोट नाही. लोकांनी माना डोलावल्या. तळ्याला माशांनी निर्दोष सोडवलं. उद्या कोणी खरा कागद आणला तरी म्हणतील, बांगडेवाला आला.

पण मी लिहायला बसलो ते त्यासाठी नाही.

साहेबांनी पुढे सांगितलं, केंद्र जनतेच्या भावना जाणतं, म्हणून अभ्यास करून घेतला, भीती जाड्यांची आहे असं निघालं, आणि म्हणून त्यांना आभाळाचा रंग देण्यात येत आहे, वर ढग काढण्यात येत आहेत. माझ्या सह्यांचा उल्लेख केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे बघून. मग त्यांनी अहवालातलं एक वाक्य वाचून दाखवलं. 'माणूस धोका मोजत नाही, धोक्याचं तोंड बघतो.'

मी खुर्चीला धरून बसलो. ते वाक्य माझ्या खिशात होतं. तुझ्या अक्षरात.

प्रश्नावली तुझी होती. सहज विचारते म्हणालीस. यादीत तळं का नव्हतं, ताई? तुझ्या अहवालावर रंगाऱ्यांचे पाळणे लटकलेत जाड्यांवर, आणि त्याच पैशात तळ्याला कुंपण झालं असतं. सह्या करणारे आम्ही मूर्ख, ठीक. तू तर शिकलेली आहेस, तुला माहीत होतं. की मलम पाठवलं म्हणजे झालं?

उत्तर पाठवायची गरज नाही.

२६ मार्च

भडकू,

गरज मला आहे, म्हणून पाठवते.

अहवाल माझा आहे. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही. प्रश्नावलीतली यादी मी इथे बसून केली, गावातून आलेल्या तक्रारींवरून. तळ्याबद्दल एकही तक्रार नव्हती, म्हणून तळं यादीत आलं नाही. लोक कशाला घाबरत नाहीत, ते मी विचारलंच नाही. माझा सगळा धंदा लोकांची नजर कुठे चुकते ते सांगायचा, आणि माझी नजर त्यांच्याच नजरेमागून फिरली. तुझ्या पहिल्या पत्रातला निळा रंग वाचला तेव्हा चूक कळली. तोवर अहवाल जाऊन महिना झाला होता.

तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू फोन आपटला असतास, आणि पुढचं काहीच मला कळलं नसतं. हे कारण खरं आहे. मला भीती वाटली, हेही खरं आहे.

मी पुरवणी लिहून दिली. तळ्याचं सगळं, बाटलीच्या तपासणीसकट. वरिष्ठ म्हणाले, "चांगलं आहे, ठेवून जा." ठेवून आले. परत विचारलं तर म्हणतात, काम पूर्ण झालंय, ज्यांनी करून घेतलं ते समाधानी आहेत. तो कागद मी स्वतः कुठे दिला तर इथून जावं लागेल आणि पुन्हा कुठे उभं करणार नाहीत. तू रिकामटेकड्या रागाने लिहितोस, पण नेमकं लिहितोस: मलम पाठवलं म्हणजे झालं नाही. तपासणीची प्रत सोबत जोडली आहे. काय करायचं ते तू ठरव. माझं नाव त्यावर आहे. खोडलेलं नाही.

आणि हे मासे वगैरे पुन्हा नको. तुझ्या रागाला काही दिसत नाही, पण तुला दिसतं. इतक्या पत्रांत तिच्या पायांबद्दल जे लिहिलंस ते माझ्या कुठल्याच अहवालात नाही.

ताई

६ एप्रिल

ताई,

तुझ्यावरचा राग गेला नाही, पण बाजूला ठेवलाय. जागा लागणार होती.

तपासणीची प्रत मालकांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "इंग्रजी चांगलं आहे." चहाच्या दुकानात दाखवली तर कोणीतरी विचारलं, "यात बांगड्याचं काय लिहिलंय?" तू जे गमवायला तयार झालीस, त्याचं इथे असं झालं. तुला कळावं म्हणून सांगतो, टोचायला नाही.

परवा ती खोलीत आली. दारातच उभी राहिली, टाचा उचलून, चौकटीला टेकून.

"बांगडे तूच टाकलेस."

"कशावरून?"

"एवढा मूर्ख दुसरा कोण आहे इथे?"

मी म्हटलं, तुझ्यासाठी टाकले. ती समुद्राच्या देखाव्याकडे बघत म्हणाली, "केंद्राने तळं केलं तेव्हा मला विचारलं नाही. मालकांनी बूट काढले तेव्हा विचारलं नाही. तू मासे टाकलेस, तेव्हा तरी विचारलंस?"

मी तिच्या पायांकडे बघितलं.

"पाय माझे आहेत, फ्लॅश. रात्री कसे पेटतात ते तुझ्या कागदाआधी मला माहीत होतं. मला वाटलं, कळलं असून उतरते म्हणजे मी खंबीर आहे."

"मग बूट घाल."

"एकटीने? एकटीने घातले तर म्हणतील हिला काहीतरी रोग आहे, लपवते. मालक दुसरी आणतील आणि ती अनवाणी उतरेल. माझ्या झग्यांना कोणी हात लावणार नाही." जाता जाता दारात थांबली. "एकटीचं सोंग दिसतं. दोघं असली की रीत वाटते."

एवढं बोलून गेली. मी तुझं ४ मार्चचं पत्र काढलं. बाजूचा माणूस काय करतोय ते बघतात. हे तू लिहिलंस आणि मी वाचून बांगडे आणायला गेलो.

आज तळ्यावर मोठं काम आहे. साहेबांना जाहिरात हवी आहे, रंगवलेले जाडे मागे, निळं पाणी पुढे, आणि पाण्यात केंद्रातल्या लोकांची कुटुंबं, बायकामुलांसकट. वर मजकूर, 'पाऊल टाका, बिनधास्त'. सगळ्यांच्या पुढे ती, पांढऱ्या झग्यात, अनवाणी. पहिल्यांदाच चौकटीच्या आत. ती आधी उतरणार, मग बाकीचे. मालकांनी काल माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझी कंबर धरलीये. कॅमेरा तू घे. नीट जमलं तर पुढच्या महिन्यापासून तू फोटोग्राफर, पडदा दुसरा कोणी धरेल." इतके दिवस याच वाक्यासाठी मी ऊन धरलं, आणि ते असं आलं.

सकाळी तिच्याकडे गेलो. या वेळी विचारलं. म्हटलं, मी बूट घालून येतोय. सगळ्यांच्या आधी मी पाण्यात उतरेन आणि तिथूनच फोटो काढेन. तुझे बूटही आणतो. घालायचे की नाही ते तू तिथे ठरव. नाही घातलेस तरी मी काही बोलणार नाही, रागही धरणार नाही.

"राग धरणार नाहीस? तू?"

"प्रयत्न करेन."

ती हसली नाही. पण नाहीही म्हणाली नाही. झग्याची एक शिवण उसवली होती, ती दातांनी दोरा तोडत बसली. मग म्हणाली, "माझ्या उजव्या बुटात खडा आहे. तेव्हापासून. काढून आण."

तर माझ्यासाठी कोळशाच्या आवारातले कामगार घेतात त्या दुकानातून काळे गमबूट आणलेत, गुडघ्यापर्यंतचे. वर रबरी हातमोजे. आरशात बघितलं, गटारात उतरणाऱ्या माणसासारखा दिसतो. छान. असंच दिसायला हवं. मला मजकूर बोलायचा नाही, पाटी रोवायची नाही, कोणाला फसवायचं नाही. नुसतं पाण्यापर्यंत चालत जायचं आहे, जसं त्या पाण्यात जावं तसं. बायकामुलं काठावर उभी असतील. पुढे काय करायचं ते त्यांचे डोळे ठरवतील. साहेब मला बाहेर काढतील, मालक त्याआधी. पुन्हा या खोलीत झोपायला मिळेल असं वाटत नाही, म्हणून समुद्र गुंडाळून कोपऱ्यात ठेवला आणि खिडकी उघडी सोडली आहे.

तिचे बूट जिन्याखालून काढले. खडा निघाला, बारीक, राखेच्या रंगाचा. ती काय करेल मला माहीत नाही. एवढे दिवस मला माहीत आहे असंच धरून चाललो होतो.

पत्र वाटेतल्या पेटीत टाकतो. कॅमेरा गळ्यात, तिचे बूट हातात, पाण्याचे दोन्ही कॅन दुसऱ्या हातात. बाहेर ऊन पडलंय, आणि आज ते कोणासाठी वळवायचं नाही.

निघालो. दार पायाने ओढून घेतोय, हात रिकामे नाहीत.

भडकू